आठ दिवसांत रेडिओ बोलता करतो

"आठ दिवस. नवव्या दिवशी हा रेडिओ बोलला नाही, तर मला या घरचा जावई म्हणू नका."

लालासाहेब हे बोलून गेले तेव्हा त्यांच्या पोटात तीन वाट्या बासुंदी होती. उपाशीपोटी माणूस सहसा असली वचनं देत नाही.

भाऊबिजेला ते बायकोला, म्हणजे संयोगिताबाईंना, घेऊन साताऱ्याहून सासुरवाडीला आले होते. सासुरवाडी तासगाव तालुक्यातली. मेव्हणा तानाजी द्राक्षबागायतदार, स्वभावानं सढळ आणि आवाजानं त्याहून सढळ. त्यानं दिवाळीच्या साफसफाईत माळा रिकामा केला होता आणि त्यातून त्याच्या वडिलांचा, आबांचा, रेडिओ निघाला होता. लाकडी, लहान पेटीएवढा, पुढं सोनेरी जाळीचं कापड, त्याखाली गावांची नावं लिहिलेली काचेची पट्टी आणि चार गोल बटणं. तानाजीनं तो भंगारवाल्यासाठी दारात काढून ठेवला होता.

तिथं त्याच्यावर मनुबाईंचा हात पडला. मनुबाई म्हणजे लालासाहेबांच्या सासूबाई. वय शहाऐंशी. डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झाल्यानं त्यांना वर्षभरापासून नीट दिसत नव्हतं. समोर माणूस उभा आहे एवढं कळायचं, कोण ते कळायचं नाही. त्या चाचपडत दारात आल्या, हाताला लाकूड लागलं, मग एकेक बटण लागलं, आणि त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या.

"ह्यो कुटं टाकतोस रं?"

"आगं आये, बंद पडून तीस वर्सं झाली त्याला. तुला नवा आणून देतो की बारका."

"बारक्याची बटणं माज्या हाताला गावत न्हाईत," मनुबाई म्हणाल्या. "आन त्यो टीव्ही. माणसं दिसत न्हाईत, नुसती भांडणं ऐकू येत्यात. ह्यो आसता तर बरं झालं आसतं."

मनुबाईंनी उभ्या जन्मात कुणाकडं काही मागितलं नव्हतं. त्यामुळे सगळे एकदम गप्प झाले. आणि ती शांतता लालासाहेबांना सोसली नाही.

"चोवीस वर्षं सिग्नलमध्ये काढलीत मी," ते म्हणाले. आणि पुढचं ते आठ दिवसांचं.

आता हे खोटं नव्हतं. लालासाहेब हवालदार म्हणून निवृत्त झाले ते सिग्नल रेजिमेंटमधूनच. फक्त तिथं ते स्टोअरला होते. वायरची भेंडोळी, बॅटऱ्या, सेटचे पट्टे, मेणकापडं हे सगळं फळीवर लावून ठेवायचं, मागेल त्याला द्यायचं आणि परत आलं की जागच्या जागी ठेवायचं. वायरलेस सेट त्यांनी हजार वेळा उचलला असेल, पण फळीवरून काउंटरपर्यंत. तो कानाला लावायची वेळ कधी आली नाही.

चूक झाली होती ती लग्नाच्या बैठकीत. आबांनी विचारलं होतं, "सिग्नलला म्हंजे रेडिओतलं कळत आसंल तुमास्नी?" आणि बावीस वर्षांचे लालासाहेब, समोर चहा घेऊन आलेल्या संयोगिताबाईंकडं बघत, म्हणाले होते, "हो, थोडंफार." त्या थोड्याफारावर ते चाळीस वर्षं जगले होते. सासुरवाडीला पंखा बिघडला, मिक्सर बिघडला की सगळे त्यांच्याकडं बघायचे, आणि ते म्हणायचे, "हत्यारं सोबत आणली नाहीत."

संयोगिताबाईंना खरं काय ते अर्थातच ठाऊक होतं. परतीच्या एसटीत, मांडीवर रेडिओ घेऊन बसलेल्या नवऱ्याला त्या म्हणाल्या, "तुम्ही स्टोअरला होता."

"सिग्नलच्या स्टोअरला होतो."

"मग आता काय करणार?"

"उघडून तर बघतो. त्यात असून असून काय असणार?"

त्यात उंदरांची तीन पिढ्यांची वसाहत होती. साताऱ्याला गोडोलीतल्या घरी, जेवणाच्या टेबलावर, त्यांनी मागचा पुठ्ठा काढला आणि कापूस, चिंध्या, शेंगांची टरफलं आणि एका जुन्या लग्नपत्रिकेचे तुकडे असा ढीग बाहेर आला. स्पीकरचा कागद उंदरांनी कडेकडेनं भाकरीसारखा खाल्ला होता. मधोमध चार-पाच काचेचे व्हॉल्व्ह धुळीत उभे होते, जत्रा उठून गेल्यावर राहिलेल्या बाहुल्यांसारखे.

लालासाहेबांना यातलं काहीच ओळखू येईना. तेव्हा त्यांनी ठरवलं की आधी स्वच्छता करू. स्वच्छतेत चूक व्हायला काय आहे?

त्यांनी काचेची पट्टी काढली, साबणाच्या पाण्यात बुडवली आणि फडक्यानं छान घासली. पट्टी लख्ख झाली. इतकी लख्ख, की तिच्यावर एकही गाव उरलं नाही. मुंबई, दिल्ली, कोलंबो, सगळी नावं बादलीत उतरली होती. लालासाहेब बराच वेळ बादलीकडं बघत राहिले. मग त्यांनी दारं लोटून घेतली, चष्मा लावला आणि पांढऱ्या पेननं, आठवतील तशी गावं परत लिहून काढली.

दुसऱ्या दिवशी लाकडी पेटी. ती त्यांनी गच्चीवर नेऊन धुतली आणि उन्हात वाळत ठेवली. दुपारी जाऊन बघतात तो वरचा चकचकीत लाकडी पापुद्रा चारही बाजूंनी सुटून पापडासारखा वर आला होता. तो त्यांनी सरस लावून दाबला. तरी परत वर येतोय म्हटल्यावर त्यावर वजन ठेवलं. आधी पाटा, मग पाट्यावर तांदळाचा डबा, मग डब्यावर भरलेला गॅसचा सिलिंडर.

"आज जेवायचं काय?" संयोगिताबाईंनी विचारलं. "तांदूळ, पाटा आणि गॅस तिन्ही गच्चीवर आहेत."

"दोन दिवसांचा प्रश्न आहे."

"आणि टेबल?"

"तेही दोन दिवस."

पुढचे तीन आठवडे दोघं जमिनीवर ताटं घेऊन जेवले. लालासाहेबांच्या गुडघ्यांना मांडी घालायची सवय राहिली नव्हती. बसताना टेबलाचा पाय धरावा लागायचा, आणि टेबल हललं की वर रेडिओतलं काहीतरी सुटून घरंगळत जायचं.

पाचव्या दिवशी त्यांनी धीर करून पिन लावली आणि बटण दाबलं. आत काहीतरी जळल्याचा वास आला, एक करडी धुराची रेघ निघाली आणि घरातली वीज गेली. संयोगिताबाई देवापुढं बसल्या होत्या. त्या वळल्यासुद्धा नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बोलला वाटतं."

इकडं तानाजीचा रोज संध्याकाळी फोन.

"दाजी, कुठवर आलंय?"

पहिल्या दिवशी लालासाहेब म्हणाले, "पाहणी चालू आहे." तिसऱ्या दिवशी, "फॉल्ट सापडलाय." सहाव्या दिवशी, "एक पार्ट दिल्लीहून मागवावा लागेल." दिल्ली का म्हणाले ते त्यांनाही कळलं नाही. नुकतंच पट्टीवर लिहिलं होतं म्हणून तोंडात आलं असावं. पण तानाजीनं ते गावभर केलं. आमच्या दाजींनी दिल्लीला मिलिटरीत फोन लावलाय, तिथनं पार्ट येतोय, असं पारावर सांगितलं गेलं. दोन दिवसांनी तो पार्ट विमानानं येऊ लागला.

नववा दिवस आला आणि गेला. त्या संध्याकाळी फोनवर मनुबाई होत्या.

"जावईबापू, तानाजी लय घाई लावतोय तुमास्नी. तुमी सावकाश करा. मी काय कुटं जात न्हाई."

शहाऐंशी वर्षांच्या बाईनं असं म्हणावं, हे लालासाहेबांना फार लागलं. तानाजीनं शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

ते रेडिओ घेऊन साताऱ्यातली दुकानं फिरले. सगळ्यांनी तो प्रेमानं बघितला, एकानं त्याच्याबरोबर फोटो काढला, आणि सगळ्यांनी हात वर केले. शेवटच्या दुकानदारानं मात्र एक तोड सुचवली. "काका, आतलं सगळं काढून टाका. मी ब्लूटूथचा स्पीकर बसवून देतो. मोबाइलवरनं लावायचं. बाहेरनं बघणाऱ्याला कळणारसुद्धा नाही."

लालासाहेब हरखून घरी आले. पंधरा मिनिटांचं काम. इतके दिवस आपण उगाच जीव काढला.

संयोगिताबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे आई बटण फिरवणार, आणि फिरवून काही होणार नाही."

"अगं, पण आवाज येईल ना."

"तिला दिसत नाही म्हणून फसवायचं का?"

त्या रागावून बोलल्या नव्हत्या. मेथीची एक जुडी संपवून त्यांनी दुसरी घेतली. लालासाहेबांनी पायातल्या चपला काढल्या नव्हत्या, ते तसेच परत बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या बाकावर जाऊन बसले. चाळीस वर्षं ही बाई आपलं एक खोटं सांभाळत आली. दुसरं सांभाळायला नाही म्हणाली. यात तिचं काही चुकलं नाही, हे त्यांना तासाभरात पटलं.

मग त्यांनी ओळखीपाळखीतून चौकशी केली आणि सांगलीत एक बिराप्पा नावाचे म्हातारे मेकॅनिक असल्याचं कळलं. मूळचे जतकडचे. एकेकाळी अख्ख्या जिल्ह्याचे रेडिओ त्यांच्याकडं यायचे. आता ते शेतीच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देत होते.

लालासाहेब आतला सांगाडा पोत्यात आणि काचेची पट्टी पिशवीत घालून एसटीनं निघाले. तीन तास तो मांडीवर. कराडला शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "कोंबडा हाय का?" लालासाहेब म्हणाले, "नाही, रेडिओ आहे." बाईंनी पोत्यावर कान ठेवून बघितला आणि म्हणाल्या, "मेलाय वाटतं."

बिराप्पांचं दुकान एका जिन्याखाली होतं. ते स्वतः जिन्याच्या पायरीवर बसून तांब्याची तार गुंडाळत होते. त्यांनी सांगाडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, नाकाजवळ नेऊन वास घेतला.

"सायेब, ह्यो उघडला कुणी?"

"मी."

"कशानं?"

"स्क्रू ड्रायव्हरनं."

"मला वाटलं खुरप्यानं." त्यांनी पिशवीतली काचेची पट्टी उजेडात धरली. "आन ही गावं कुणी लिवली? लाहोर साताऱ्याला चिकटून हाय ह्यात."

बिराप्पांनी मीटर काढला आणि त्याच्या दोन्ही तारा लालासाहेबांकडं दिल्या. "काळी पिन हितं टेकवा." लालासाहेबांनी लाल टेकवली. बिराप्पांनी चष्म्यावरून त्यांच्याकडं बघितलं.

"तुमी मिलिटरीत सिग्नलला होता म्हनालासा. काय कामाला?"

तीन तासांची एसटी, खांदे आंबलेले, आणि घरून निघताना चहासुद्धा झाला नव्हता. खोटं बोलायलाही अंगात थोडं त्राण लागतं. तेवढं त्या वेळी लालासाहेबांच्यात नव्हतं.

"स्टोअरला," ते म्हणाले.

चाळीस वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा घराबाहेर कुणाला तरी सांगितलं. आभाळ कोसळलं नाही. बिराप्पांनी मान डोलावली.

"मग बरं हाय की. स्टोअरवाल्याला निदान सामान नीट ठेवायचं ठावं असतंय. मला आजकाल बारकं दिसत न्हाई. तुमी हातात देत जावा, मी जोडत जातो."

त्यानंतर तीन मंगळवार लालासाहेब सांगलीला गेले. बिराप्पा मागतील ते द्यायचं. मोठा कंडेन्सर, बारका कंडेन्सर, डायलची दोरी, दोन नंबरचा स्क्रू. लालासाहेबांनी पहिल्याच दिवशी बिराप्पांचे तीस वर्षांचे डबे उपसून वेगवेगळ्या बरण्यांत लावून टाकले, आणि ज्या डब्यांत बिराप्पांना स्वतःला काही सापडत नव्हतं त्यांतून जुना, न वापरलेला स्पीकरचा कागद निघाला. बिराप्पांनी तो हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. मग आत बघून बायकोला म्हणाले, "धोंडुबाई, सायेबांना च्या दे. चांगला दे." धोंडुबाईंनी तो बशीत न सांडता आणून दिला आणि सांगितलं की या घरात मेकॅनिकलासुद्धा चांगला चहा मिळत नाही.

तिसऱ्या मंगळवारी दुपारी रेडिओ बोलला. आधी व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले, मग घसा खाकरल्यासारखा आवाज आला आणि मग एक बाई स्वच्छ मराठीत पालकाच्या लागवडीबद्दल सांगू लागल्या. लालासाहेबांनी पालकाबद्दल इतकं मन लावून आयुष्यात काही ऐकलं नव्हतं.

"येक ध्यानात ठेवा," पोतं बांधताना बिराप्पा म्हणाले. "ह्यो जुना जीव हाय. आजकालचं दिवे, चार्जर, इन्वर्टर ह्याला सोसत न्हाईत. जवळ काय चालू आसलं की खरखर करतंय."

लालासाहेबांनी हो म्हटलं. त्यांचं लक्ष नव्हतं. ते मनात मनुबाईंना फोन करत होते. पण फोन उचलला तानाजीनं, आणि तिथं पुढचा घोटाळा झाला.

"रविवारी आणतो," लालासाहेब म्हणाले. "घरच्या घरी लावू. कुणाला सांगू नका."

तानाजीनं यातलं फक्त 'रविवारी' एवढंच ऐकलं.

रविवारी दुपारी दोघं नवरा-बायको गावात उतरली तेव्हा स्टँडवरच लालासाहेबांना लालासाहेब दिसले. दहा फुटी फ्लेक्सवर. पंचविसाव्या वर्षीचा वर्दीतला फोटो, मागं रणगाडा, वर हेलिकॉप्टर आणि का कुणास ठाऊक, कोपऱ्यात एक मोर. खाली लिहिलं होतं: 'भारतीय सेनेचे थोर रेडिओ तज्ज्ञ, आमचे दाजी, यांचा भव्य नागरी सत्कार.'

"परत जाऊया का?" लालासाहेबांनी विचारलं.

"शेवटची गाडी गेली," संयोगिताबाई म्हणाल्या. गाडी गेली नव्हती, ती समोरच उभी होती.

तानाजीच्या अंगणात मांडव होता. पन्नास-साठ खुर्च्या भरल्या होत्या. सगळे द्राक्षबागायतदार, हातात मोबाइल, पायांत बागेतला चिखल. सोसायटीचे चेअरमन जयराज माइक धरून उभे होते. मांडवाला चिनी दिव्यांच्या माळा, झाडाला माळा, माळेला माळा. सोप्यात एका टेबलावर रेडिओ ठेवला गेला, त्याच्या शेजारी खुर्चीवर मनुबाईंना बसवलं गेलं. त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं. सोप्याचं दार सताड उघडं होतं, म्हणजे अंगणातल्यांना दिसावं.

जयराजनी दाजींवर दहा मिनिटं भाषण केलं. त्यात लालासाहेबांनी सीमेवर शत्रूचे संदेश पकडले. संयोगिताबाई पदरानं तोंड पुसत राहिल्या.

मग लालासाहेबांनी बटण फिरवलं.

आधी काहीच नाही. मग तांबूस उजेड. मग तापलेल्या तव्यावर मूठभर मीठ टाकावं तशी खरखर. तिच्यात माणसाच्या आवाजाचा पत्ता नव्हता. लालासाहेबांना बिराप्पांचं बोलणं आठवलं.

"तानाजीराव, त्या माळा बंद करायला लागतील."

माळा बंद झाल्या. खरखर थोडी खाली आली.

"टीव्ही?"

टीव्ही बंद झाला. मग वायफाय, कॅमेरे, इन्व्हर्टर, फ्रिज. प्रत्येक वेळी एकजण उठून आत जायचा, एक वस्तू मरायची आणि खरखर एक पायरी उतरायची. लोकांना आता त्यात रस वाटू लागला होता. कुणीतरी म्हणालं, "मोबाइलचं चार्जर बी काढा की." सात चार्जर निघाले.

"आता हा माइक," लालासाहेब जयराजना हळूच म्हणाले.

"माइक?" जयराजचं अजून दुसरं भाषण व्हायचं होतं.

"मशीनचा आवाज येतोय त्यात."

माइक बंद झाला. जयराजनी ते भाषण तसंच घशाच्या जोरावर सुरू केलं, पण दोन वाक्यांत थांबले.

एवढं होऊनही आत टुक, टुक, टुक असा आवाज राहिलाच. घड्याळासारखा, नेमका. सगळे कान देऊन ऐकत होते. मागच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "आरं, ही तर माजी झटका मशीन." रानडुकरं येऊ नयेत म्हणून बांधाच्या तारेला वीज सोडायचं त्याचं यंत्र. तो स्वतः मोटारसायकलीवर मागं बसून गेला, बंद करून आला.

शांतता झाली. रेडिओतून आता नुसता वाऱ्यासारखा श्वास येत होता. आता फक्त स्टेशन लावायचं राहिलं होतं, आणि लालासाहेबांनी काटा फिरवायला घेतला. पट्टीवर त्यांनीच लिहिलेलं सांगली होतं तिथं काही नव्हतं. कराड होतं तिथंही नव्हतं. ते दिल्लीपर्यंत जाऊन परत आले. साठ माणसं बघत होती, आणि त्या अक्षरांतला एकही काना खरा नव्हता.

"सरा वाईच," मनुबाई म्हणाल्या.

त्यांनी खुर्ची पुढं ओढली, हातानं पेटीची कड चाचपली, कडेवरून बटण, आणि बटण डावीकडं पार शेवटपर्यंत नेलं. मग उजवीकडं फिरवायला लागल्या. जुनं पाठांतर म्हणावं तसं बटणाचे वेढे मोजत पुटपुटत होत्या. एक येढा. दोन. आणि अर्ध्याच्या वाईच अलीकडं.

"…केंद्र, सांगली," रेडिओ म्हणाला.

अंगणात कुणी हललं नाही. मनुबाईंचा हात बटणावरच होता. संयोगिताबाईंनी पदर परत तोंडाला लावला, पण या वेळी वेगळ्या कारणानं. लालासाहेबांना वाटलं, आता टाळ्या पडतील, आणि मग आपण उठून सगळ्यांसमोर सांगून टाकू. बिराप्पांचं नाव, स्टोअर, सगळं. वाक्यही मनात जुळलं होतं.

पण रेडिओ आधी बोलला. "शेतकरी बंधूंनो, येत्या अठ्ठेचाळीस तासांत जिल्ह्याच्या पूर्व भागात ढगाळ हवामान आणि काही ठिकाणी पावसाची शक्यता आहे. फुलोऱ्यातल्या द्राक्षबागांवर डाउनी रोगाचा प्रादुर्भाव होऊ नये म्हणून…"

साठ माना एकदम आभाळाकडं गेल्या. सकाळपासून सगळ्यांच्या मोबाइलवर हेच येत होतं, पण मोबाइलवर रोजच काहीतरी येतं. हा आवाज निराळा होता. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून ऐकलेला आवाज, त्यावर अविश्वास दाखवायची पद्धत नव्हती.

एक खुर्ची सरकली. मग दहा. मग मोटारसायकली सुरू व्हायला लागल्या. जयराजनी हातातली शाल घाईघाईनं लालासाहेबांच्या एका खांद्यावर टाकली, नारळ टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "दाजी, पुढच्या येळी नीट करू. माजी पाच एकर फुलात हाय." तानाजी आतून फवाऱ्याचा ड्रम ढकलत आला. "दाजी, लय उपकार झालं बगा. जेवायला थांबा, औषध मारून येतो." आणि गेला.

पाच मिनिटांत मांडवात फक्त खुर्च्या राहिल्या. संयोगिताबाई आत जेवणाचं बघायला गेल्या, साठ माणसांच्या मसालेभाताचं आता काय करायचं ते बघायला.

सोप्यात मनुबाई, रेडिओ आणि एका खांद्यावर शाल घेतलेले लालासाहेब. ते फार दमले होते. एक महिनाभराचं दमणं आणि त्याच्या मागचं जुनं. सगळ्यांसमोर सांगायचं राहिलं, पण ज्यांना सांगायला हवं त्या तर समोरच होत्या. ते पाटावर त्यांच्या पायांशी बसले.

"मामी, एक सांगायचं होतं. लई वर्षं राहिलंय." "मी सिग्नलला होतो ते खरं. पण रेडिओतलं मला काही कळत नाही. कधीच कळत नव्हतं. मामांना मी बैठकीत जे बोललो…"

मनुबाईंनी हात वर केला. लालासाहेब थांबले.

"जावईबापू," मनुबाई म्हणाल्या, "बातम्या लागल्यात. बोलायचं आसंल तर भाईर जाऊन बोला."

लालासाहेब उठले. गुडघे वाजले.

"आन जाताना दार वढून घ्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या शालीचा वारा येतोय."

लालासाहेबांनी दार ओढून घेतलं.